अखाजीला सरलेले साल : एका परीकथेच्या खानदेशी पुनर्कथनाचे प्रकरण

हे प्रकरण एका गोष्टीचे आहे. देखणी, समंजस धाकटी मुलगी आणि तिला आपल्या वाड्यात ठेवून घेणारे कुरूप श्वापद यांची, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही युरोपीय परीकथा बहुतेक वाचकांनी लहानपणी कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकलेली असते. अमळनेर तालुक्यातील तापीकाठच्या एका गावात, वाचनालयाच्या ओसरीवर संध्याकाळी जमणाऱ्या वीस-बावीस स्त्रियांसाठी ती खानदेशच्या मातीत उतरवून द्यावी, असे मला सुचवण्यात आले. अटी दोनच होत्या. आजीने नातीला शेजारी बसवून ऐकावी इतकी ती सोज्वळ असावी आणि तरीही ती प्रेमाचीच गोष्ट राहावी, उपदेशाची होऊ नये. काम महिन्याभरात उरकेल या समजुतीने मी ते पौषात हाती घेतले. तिसरा खर्डा वाचून दाखवेपर्यंत ज्येष्ठ उजाडला. मधल्या काळात जे घडले त्याची ही नोंद आहे.

मूळ कथेविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी अडचण तिच्या बांधणीतच दडलेली होती. लिखित स्वरूपात ती प्रथम 1740 मध्ये फ्रेंचमध्ये आली. गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या लेखिकेने प्रौढ वाचकांसाठी लिहिलेली ती पाल्हाळिक कथा होती आणि तिच्यातल्या व्यापाऱ्याला सहा मुलगे व सहा मुली होत्या. पुढे 1756 मध्ये, इंग्लंडात मुलींना शिकवण्याचे काम करणाऱ्या जान-मारी लप्रॅन्स द बोमाँ यांनी ती बरीच आटोपशीर करून मुलींच्या वाचनासाठी छापली. मुलगे तीन झाले, मुली तीन झाल्या. आज जगभर सांगितली जाते ती मुख्यतः ही दुसरी कथा. श्वापद मुलीला रोज रात्री एकच प्रश्न विचारते आणि ती रोज नकार देते, हे दोन्हीकडे आहे. मात्र 1740 च्या कथेत तो प्रश्न सरळ शय्येविषयीचा आहे, तर 1756 मध्ये तो ‘माझी पत्नी होशील का’ असा झाला. म्हणजे सोज्वळपणाचा जो प्रश्न माझ्यासमोर होता तो अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शिक्षिकेसमोरही होता आणि तिने एका वाक्यात तो सोडवला होता. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कथेचा क्रमांक 425 क असून, दुसऱ्या शतकात अपुलेयसने लॅटिनमध्ये सांगितलेली क्युपिड आणि सायकी यांची कथा तिच्याच कुळातली मानली जाते.

पहिल्या खर्ड्यात मी तेच केले जे असे काम प्रथमच करणारा कोणीही करील, म्हणजे एकेक वस्तू उचलून तिच्या जागी इथली वस्तू ठेवली. मूळ व्यापाऱ्याची जहाजे समुद्रात बुडतात. माझा व्यापारी कापसाचा झाला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो भाव कोसळला. त्या तेजीत खानदेशात अनेकांच्या घरी पैसा आला आणि तसाच गेला. जहाज बुडवण्यासाठी यापेक्षा चांगला समुद्र मला सापडला नसता. भाव पडल्यावर हा व्यापारी अमळनेरातली पेढी विकून तापीकाठच्या शेतावर राहायला जातो आणि एका पौषात, थकलेल्या वसुलीच्या आशेने, चोपड्याहून शिरपूरकडे निघतो. वाटेत अनेर नदीच्या खोऱ्यात त्याला अवकाळी पाऊस आणि गारा गाठतात. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गढीत दिवा दिसतो.

गढी हा बदल मला आजही पसंत आहे. मातीच्या जाड भिंती, बुरूज, आत चौक आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे, म्हणजे सपाट छत, असलेली पडकी गढी खानदेशातल्या कितीतरी गावांत उभी आहे आणि तिच्यात काहीतरी ‘असते’ असे मुलांना सांगण्याची पद्धतही आहे, त्यामुळे जादूसाठी वेगळी प्रस्तावना करावी लागत नाही. श्वापदासाठी मी अस्वल निवडले. वाघ राजबिंडा असतो, त्याच्यावर भाळणे सोपे. अस्वल विद्रूप, केसाळ आणि सातपुड्याच्या लोकांना खरोखर धडकी भरवणारे असते, आणि तरी चैत्रात मोहाची फुले वेचताना त्याच्यात काहीतरी माणसासारखे दिसते.

गुलाबाने मात्र बराच वेळ घेतला. मूळ कथेत थोरल्या बहिणी बापाकडे कपडे-दागिने मागतात आणि धाकटी एक गुलाबाचे फूल मागते, कारण ते त्यांच्या भागात मिळत नाही. बाहेर बर्फ पडत असताना श्वापदाच्या बागेत मात्र फुले असतात. म्हणजे फुलाचे महत्त्व त्याच्या सौंदर्यात नाही, अवेळी असण्यात आहे. मोगरा, चाफा, केवडा असे सगळे करून पाहिल्यावर हे माझ्या लक्षात आले, आणि मग उत्तर समोरच होते. धाकटी भर पौषात पाल्यासकट कैरी मागते. आई गेली त्या वर्षीच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने झोका घेतला नव्हता आणि खानदेशात अखाजी म्हणजे झोका, गाणी आणि कैरी. बाप हसतो, पौषात कैरी कुठली म्हणतो, आणि गारांनी झोडपलेल्या रात्री त्या गढीच्या परसात कैऱ्यांनी लगडलेल्या आंब्याखाली उभा राहतो. तो कैरी तोडतो आणि तिच्या बदल्यात गढीचा धनी, म्हणजे ते अस्वल, मुलगी मागतो.

वाड्यातले ग्रंथालय आणि वाद्ये मी काढून टाकली. त्यांच्या जागी जाते ठेवले. ते रात्री आपोआप फिरते, पण कोणी ओवी म्हटल्याशिवाय त्यातून पीठ पडत नाही. धाकटी ओवी म्हणते, पीठ पडते, न दिसणारे हात भाकऱ्या थापतात, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करतात, आणि अस्वल दाराबाहेर, उंबरठ्याच्या पलीकडे बसून ओव्या ऐकते. उंबरठा त्याने ओलांडायचा नाही, हे मी ठरवून टाकले होते. सोज्वळतेची अट मला जाचक वाटली नाही ती यामुळेच. एका बाजूला ओवी आणि दुसऱ्या बाजूला कान एवढ्याच साहित्यावर चार महिन्यांचे प्रेम उभे करायचे असेल, तर लेखकाला ओव्या चांगल्या लिहाव्या लागतात, एवढेच.

हा खर्डा माघात वाचला. दोन संध्याकाळी लागल्या. गढीपर्यंत सगळे सुरळीत चालले, भरिताच्या वर्णनावर एकीने मिठाचे विचारले, आणि मग कथा माहेरपणाच्या प्रसंगावर आली.

मूळ कथेत तो प्रसंग असा आहे. बाप आजारी असल्याचे कळल्यावर मुलगी श्वापदाची परवानगी घेऊन घरी जाते आणि आठ दिवसांत परतण्याचे वचन देते. बहिणींना तिचे सुख पाहवत नाही. ती पहिल्यांदा श्वापदाकडे निघाली तेव्हा डोळ्यांना कांदा चोळून खोटे रडलेल्या त्या आताही दुःखाचे सोंग करून तिला आणखी राहायला लावतात, आणि दहाव्या रात्री तिला स्वप्नात बागेत मरणासन्न पडलेले श्वापद दिसते. ती धावत परत जाते, अपराधाच्या भावनेने होरपळते, लग्नाला होकार देते आणि शापातून राजपुत्र प्रकटतो. बहिणींचे दगडी पुतळे होतात. मी हे सारे जवळपास जसेच्या तसे ठेवले होते. फक्त आठ दिवसांच्या जागी अखाजीचे माहेरपण घातले होते, आणि ते घालताना स्वतःवर खूशही झालो होतो.

वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग साठी ओलांडलेल्या एका बाईंनी विचारले, “चार दिन जास्ती माहेरले ऱ्हायनी, त्यामा तिनं काय चुकनं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही मूळ कथेच्या बाजूने ते मला देता येणार नाही. खानदेशात अखाजी हा सासुरवाशिणीचा सण आहे. वैशाखाचे ऊन रणरणत असते, शेतीची कामे उरकलेली असतात, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि गाण्यांत सासरचे सगळे गाऱ्हाणे निघते. माहेरचा मुक्काम दोन दिवसांनी वाढवण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर खऱ्याखोट्या सबबी शोधल्या, त्यांच्यासमोर मी अशी गोष्ट वाचली होती की जिच्यात माहेरी राहणे हाच गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा म्हणून एक जीव जातो. कांद्याच्या प्रसंगावरही त्या हसल्या नाहीत. बहिणी खोटे रडतील कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. त्याही अखाजीलाच आलेल्या, त्यांनाही परत जायचेच आहे, त्यांचे रडू खरेच असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चा आणखी खोल गेली. अंगणवाडीत काम करणाऱ्या एका तरुण बाईंनी विचारले, ही मुलगी त्या गढीत नेमकी कोण आहे? ती लग्न होऊन आलेली नाही, म्हणून सासुरवाशीण नव्हे. पाहुणी नव्हे, कारण ती जाऊ शकत नाही. बापाच्या चुकीबद्दल तारण ठेवलेली मुलगी जर शेवटी तारण घेणाऱ्यालाच माळ घालत असेल, तर त्याला प्रेम म्हणायचे की सवय? ही शंका या कथेवर पुष्कळ ठिकाणी घेतली गेली आहे आणि नवी पुनर्कथने तिला वेगवेगळी उत्तरे देतात. बहुतेक उत्तरे श्वापदाला अधिक हळवे करण्याची असतात. मला ती पटत नाहीत, कारण मालक हळवा असल्याने तारण सुटत नाही.

तोडगा त्याच ओसरीवर निघाला. कोपऱ्यात बसलेल्या, जन्मभर शेतमजुरी केलेल्या एका आजींनी सहज म्हटले, “तिले सालवर ठेवा. साल अखाजीले सरस. मंग ती मोकयी शे.”

ज्यांना ही रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खानदेशात शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात आणि त्याचे साल अखाजीला सुरू होऊन पुढच्या अखाजीला सरते. त्या दिवशी हिशेब होतो. मालकाने पुन्हा बोलावले आणि गड्याला पटले तर नवे साल ठरते, नाहीतर तो आपले गाठोडे उचलून दुसरीकडे जातो. या व्यवस्थेत पिळवणूक किती होती हे निराळे सांगायला नको. उचल फिटत नाही म्हणून पिढ्यान्पिढ्या एकाच दारात राबलेली घरे तिथे ओसरीवरच बसलेली होती. पण निदान तत्त्वतः वर्षातला एक दिवस असा होता की ज्या दिवशी माणूस कोणाचाही नसे. माझ्या कथेला नेमक्या त्याच दिवसाची गरज होती, आणि तो दिवस मी आधीच, भलत्याच कारणासाठी, कथेत आणून ठेवला होता.

दुसरा खर्डा या एका वाक्यावर पुन्हा बांधला. आता गढीचा धनी बापाजवळ मुलगी मागत नाही. तोडलेल्या कैरीचे मोल म्हणून घरातल्या कोणीतरी या अखाजीपर्यंतचे मोडके साल भरून द्यावे, असे तो म्हणतो. बाप स्वतः राहायला निघतो, पण त्याचा खोकला ऐकून धाकटी त्याच्या आधी दारात उभी राहते. रात्रीचा प्रश्न तसाच राहिला, “मनासंगे लगीन करशी का?”, आणि उत्तरही तसेच, “नही.” मात्र अखाजीच्या आदल्या रात्री तो प्रश्न विचारत नाही. साल सरले, वाट मोकळी आहे, एवढे सांगून तो उंबरठ्यापासून उठून जातो. धाकटी त्या रात्री पहिल्यांदा ओवी अर्धवट सोडते. वाचनात या ठिकाणी मला थांबावे लागले, कारण दोन-तीन जणींना एकदम बोलायचे होते.

या बदलाने एक गाठ सुटली आणि दुसरी पडली. तिने परतण्याचे वचनच दिलेले नाही, तर धनी मरायला का टेकतो? वचनभंग हे कारण गेले होते आणि विरहाने झुरून मरणे हे मला गुळगुळीत वाटत होते. इथे माझ्याकडून मोठी चूक झाली. अखाजीला पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. मूळ कथेत मुलगी बेशुद्ध श्वापदावर कालव्याचे पाणी शिंपडते, हे मला ठाऊक होते. ही दोन पाणी एकत्र आणावीत असे मनात आले आणि मी लिहिले की धनी शापामुळे ना जिवंत ना मेलेला असल्याने त्याच्या नावाची घागर कोणी भरत नाही, धाकटी माहेरी ती भरते आणि तेच पाणी नेऊन त्याला वाचवते. कागदावर हे मला फार सुंदर दिसत होते. चैत्रातल्या वाचनात ते वाक्य आले मात्र, पुढे बसलेल्या दोघी अंग चोरून मागे सरकल्या. “जित्ता मानुसनी घागर भरतस का?” असे कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले. जित्या माणसाची घागर भरणे म्हणजे त्याचे मरण चिंतणे. प्रेमकथेच्या ऐन कळसावर मी नायिकेच्या हातून तेच करवले होते. प्रतीक म्हणून एखादी रीत उचलताना ती पाळणाऱ्यांच्या अंगावर काटा कुठे येतो हे विचारून घ्यायला हवे होते, आणि मी अख्खे दोन महिने रोज त्यांच्यात बसूनही विचारले नव्हते.

घागर काढली. तिच्या जागी आला तो विहिरीचा साधा पोहरा. शापाचे कारणही त्याला जुळवून घेतले. दुष्काळात वाटसरू बाईला पाणी नाकारल्याने धन्याला अस्वलाचे रूप आले, हे दोन ओळींत उरकले, कारण शापाचा तपशील वाढवला की कथा शाप देणारीची होऊ लागते.

त्याच्या मरणाचे कारण मला धाब्यावर सापडले. मातीच्या धाब्याला दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती घालून ती चोपावी लागते, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात छत गळते आणि लागोपाठ पाऊस झाला तर बसतेही. गढीतले न दिसणारे हात ओवीवर चालत होते. ओवी म्हणणारी गेल्यावर जाते थांबले, चूल विझली, आणि धाब्यावर माती टाकणारे कोणी उरले नाही. धनी स्वतः पाट्या वाहू लागतो. अस्वलाचे पंजे खणायला चांगले, माती चोपायला निरुपयोगी. इकडे माहेरी अखाजी होऊन बरेच दिवस झालेले असतात. बहिणी अजून आहेत, त्यांना न्यायला मूळ, म्हणजे सासरचे बोलावणे, आलेले नाही आणि ते न आल्याचा त्यांना आनंदच आहे. झोक्यावर असताना धाकटीला सातपुड्यावर वळिवाचा काळा ढग दिसतो. तिला स्वप्न पडत नाही, देवदूत भेटत नाही. एवढेच आठवते की त्या धाब्यावर या वर्षी माती पडलेली नाही.

ती निघते. तिला न्यायला कोणी आलेले नाही, कारण धन्याला खोऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. बिनबोलावता, मूळ आल्याशिवाय मुलगी निघाली म्हणून बाप चपापतो, थोरली बहीण मात्र उठून तिच्या पदरात भाकरी बांधते. डोळ्यांना कांदा चोळणाऱ्या बहिणीची ही इथली बहीण झाली आणि पुतळ्यांचा प्रश्नच उरला नाही. ढासळलेल्या धाब्याखाली तो तिला सापडतो. ती पोहऱ्याने पाणी आणते, त्याच्या तोंडावर मारते, आणि तो डोळे उघडतो तेव्हा प्रश्न ती विचारते. स्पर्शाचा हा कथेतला पहिला प्रसंग आहे, तोही पाण्याचा.

भाषेचा प्रश्न तुलनेने लवकर मिटला. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद अहिराणीत, असे ठरले. यावल-रावेरकडे सासर असलेल्या एकीने बहिणाबाई चौधरींच्या बोलीत का नाही लिहीत, असे विचारले होते. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली आहे आणि अमळनेरच्या कापूस व्यापाऱ्याच्या तोंडी ती शोभली नसती, हे सांगितल्यावर तिने मान्य केले, तरी दोन ओव्या तिकडच्या वळणाच्या घ्याच असा आग्रह धरला. त्या घेतल्या आहेत. गढीत जाते फिरवणारे न दिसणारे हात कुठले आहेत हे कथेत सांगितलेले नाही, तेव्हा ते यावलचे असायला हरकत नव्हती.

शेवटी तो देखणा राजपुत्र होतो का, यावर मात्र एकमत झाले नाही. मला रूपांतर टाळावे असे वाटत होते. ज्याच्यावर प्रेम बसले तो चेहरा बदलून दुसराच माणूस समोर उभा करणे हा नायिकेवर अन्याय आहे, असे माझे मत होते. ओसरीवरच्या तरुण मुली माझ्या बाजूने होत्या. वयस्क बायांनी ते साफ फेटाळले. शाप उतरला तर रूप आलेच पाहिजे, नाहीतर उतरले काय, आणि अस्वलाला हळद लावायची कुठे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तडजोड म्हणून धनी माणूस झाला, पण फारसा देखणा झाला नाही. धाब्याची माती पडून त्याच्या कपाळावर उठलेली खूण तशीच राहिली आणि धाकटीने त्याला ओळखले ते आवाजावरून, कारण चार महिने तिने त्याचा आवाजच ऐकला होता.

तिसरा खर्डा ज्येष्ठात, पाऊस लांबलेला असताना वाचला. लग्न झाले, थोरल्या बहिणी वऱ्हाडी म्हणून आल्या, धाब्यावर माती पडली आणि मी कागद मिटले. तेव्हा, सालाचा तोडगा ज्यांनी दिला होता त्या आजी म्हणाल्या, “जातं आते कोन फिरावस मंग?” शाप उतरला म्हणजे न दिसणारे हातही गेले असणार, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी तिथेच पेन्सिलीने एक वाक्य लिहिले आणि वाचून दाखवले. पहाटे दोघे जात्याच्या दोन बाजूंना बसतात, एकाच खुंट्यावर दोघांचे हात असतात, ओवी ती म्हणते, आणि त्याला ओवी येत नसल्याने तो नुसता दळतो. पुरुष दळायला बसला म्हणून ओसरी हसली, आणि आजींनी तेवढे वाक्य पुन्हा वाचायला लावले.